जिलेटिन प्लेटवरची छाप ठिगळठिगळ का उठते

ट्रेमध्ये जमवलेल्या जिलेटिनच्या जेलीवर, म्हणजे प्लेटवर, रोलरने रंगाचा पातळ थर लाटायचा, वर पानं किंवा दोरे मांडायचे आणि कागद दाबून सोलून काढायचा, असं हे छापकाम. ते घरी करणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: छाप अखंड उठत नाही. मधेच पांढरे डाग राहतात, एका बाजूची कड फिकी येते, पानाच्या शिरा अर्ध्यावर तुटतात. मग कागद बदलला जातो, रंग बदलला जातो, हाताचा जोर वाढवला जातो. कधी जमतंही. पण महिन्या-दोन महिन्यांनी, तेच साहित्य आणि तीच पद्धत असताना, डाग परत येतात.

परत येतात, कारण मधल्या काळात हवा बदललेली असते. प्लेट म्हणजे बहुतांशी पाणीच, जिलेटिनने धरून ठेवलेलं. अ‍ॅक्रिलिक रंगातही पाणी असतं आणि ते उडालं की रंग वाळतो. कागद तर हवेतला ओलावा सतत घेतो आणि सोडतो. तिन्हीचं वागणं खोलीतल्या उष्णतेवर आणि दमटपणावर ठरतं. आपण वाचतो त्या बहुतेक कृती थंड देशांतल्या स्वयंपाकघरांत लिहिलेल्या असतात. नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा जुलै त्यांच्या हिशेबात नसतो. म्हणून हिवाळ्यात बिनतक्रार चालणारी कृती उन्हाळ्यात बिघडते आणि पावसाळ्यात पुन्हा वेगळ्याच तऱ्हेने बिघडते. डाग दोन्ही वेळा सारखेच दिसतात, पण कारणं एकमेकांच्या उलट असतात. एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर छाप आणखी खराब होते.

कागद उचलल्यावर आधी प्लेटकडे बघा

कागद सोलून काढला की नजर आपसूक छापेवर जाते. पुढच्या वेळी कागद बाजूला ठेवा आणि प्लेट खिडकीकडे तिरकी धरून नीट बघा. छापेवर जिथे पांढरा डाग पडलाय, नेमकं त्याच जागी प्लेटवर काय दिसतंय? निदान तिथेच होतं.

त्या जागी रंग तसाच चिकटून बसला असेल आणि बोट लावल्यावर कोरडा, पापुद्र्यासारखा लागत असेल, तर कागद ठेवण्याआधीच तो वाळला होता. रंग अजून ओला असेल आणि तरीही कागदाने उचलला नसेल, तर दोष कागदात किंवा दाबण्यात आहे. तिथे रंगच नसेल, तो आक्रसून बाजूला थेंबाथेंबांनी गोळा झाला असेल, तर प्लेटवर पाणी किंवा तेल आहे. आणि कागदाच्या पाठीला जेलीचे कण लागले असतील, प्लेटला खड्डा पडला असेल, तर प्लेट मऊ पडली आहे.

आणखी एक गोष्ट तपासा. डाग दर वेळी त्याच जागी येतो का? येत असेल तर रंग आणि हवा दोन्ही निर्दोष आहेत, प्लेटच सपाट नाही. याचं सगळ्यात नेहमीचं कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पाणी वाहून जावं म्हणून ओट्याला सिंककडे हलका उतार दिलेला असतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, पण ट्रेमध्ये ओतलेल्या जिलेटिनला बरोबर जाणवतो. प्लेट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ जमते आणि पातळ बाजूवर हाताचा दाब कमी पडतो. रिकाम्या ट्रेत बोटभर पाणी घालून चारही कोपऱ्यांची खोली बघा, जिथे गरज असेल तिथे पुठ्ठ्याची पट्टी सरकवा आणि मगच मिश्रण ओता. जमेपर्यंत ट्रे हलवायचा नाही. फ्रिजच्या जाळीवर जमवणार असाल तर ती जाळीही आधी तपासा, कारण बऱ्याच फ्रिजना पुढून किंचित वर उचललेलं असतं.

उन्हाळा: रंग वाळतो, प्लेट सैल पडते

एप्रिल-मेमध्ये एकाच वेळी दोन गोष्टी बिघडतात. आधी रंगाचं बघू.

पहिलं काम म्हणजे पंखा बंद करणं. छताच्या पंख्याखाली पातळ लाटलेला अ‍ॅक्रिलिकचा थर बघता बघता वाळतो, तुमचं पान मांडून होईपर्यंत कडा गेलेल्या असतात. एसीचीही हवा कोरडीच असते, तिचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. सकाळी लवकर बसा. पानं, दोरे, जाळी, कागद, जे काही मांडायचं ते रंग लाटण्यापूर्वीच हाताशी लावून ठेवा. नक्षी कशी मांडायची याचा विचार कोऱ्या प्लेटवर करून घ्यावा, कारण रंग लागल्यावर विचाराला वेळ उरत नाही.

एवढ्याने भागलं नाही तर रंगात ग्लिसरीन घाला, चमचाभर रंगाला एक-दोन थेंब. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं आणि वाळणं लांबवतं. दुकानात मिळणारं रिटार्डरही हेच काम करतं. मात्र जास्त घातलं तर छाप दिवसेंदिवस चिकट राहते आणि एकावर एक ठेवलेले कागद जोडले जातात.

कागद किंचित ओलसर केला तर वाळायला लागलेल्या कडाही उचलल्या जातात. स्प्रेने मागच्या बाजूला हलका फवारा मारा आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्यात दाबून वरचं पाणी टिपून घ्या. स्पर्शाला कागद गार लागावा, ओला नव्हे.

थर जाड लावला तर उशिरा वाळेल, ही समजूत मोडायला हवी. जाड थर कागदाखाली दबून पसरतो, नक्षीच्या कडा बुजवतो आणि उचलताना संत्र्याच्या सालीसारखा खवला पडतो. रोलरचा आवाज ऐका. थर पातळ आणि सारखा झाला की रोलरखालून हलकी सरसर ऐकू येते. रंग जास्त असला की चपचप असा चिकट आवाज येतो. अशा वेळी रोलर रद्दी कागदावर फिरवून घ्या आणि पुन्हा प्लेटवर फिरवा.

आता प्लेट. जिलेटिन प्राण्यांच्या कातडीतल्या आणि हाडांतल्या कोलॅजनपासून बनतं. त्याची जेली तिशीच्या घरातल्या तापमानाला सैल पडू लागते आणि साधारण ३५ अंशांच्या आसपास वितळते. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात उन्हाळी दुपारी बंद खोलीत एवढं तापमान असतंच. त्यात आपला तळहात वरून ऊब देतो. म्हणून उन्हाळ्यात साध्या पाण्याच्या प्लेटवर भरोसा ठेवू नये.

हिवाळ्यात अर्धा लिटर पाण्याला ४० ग्रॅम जिलेटिन पुरतं, तेवढ्यात २० बाय १५ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये चांगली दीड सेंटिमीटर जाडीची प्लेट होते. उन्हाळ्यासाठी त्याच पाण्याला ६० ग्रॅम घ्या. प्लेट घट्ट होते आणि जास्त वेळ टिकते. काम करताना ती स्टीलच्या ताटात ठेवा आणि ताटाखाली फडक्यात गुंडाळलेली बर्फाची पिशवी सरकवा. नागपूरसारख्या कोरड्या हवेत फ्रिजमधून काढलेली प्लेट पुसून लगेच वापरता येते, तिच्यावर फारसं दव धरत नाही. कोकणात ही सवलत नाही.

पावसाळा: प्लेटला घाम फुटतो

जून लागला की रंग वाळण्याची तक्रार थांबते आणि डाग मात्र राहतात. आता प्लेटवर बघितलं तर रंगाचे थेंब झालेले दिसतील. फ्रिजमधली प्लेट पाच-सहा अंशांवर असते. बाहेरच्या हवेत इतकी वाफ असते की पंचविशीच्या आतल्या कुठल्याही वस्तूवर ती पाणी होऊन बसते. तुम्ही प्लेट पुसता, रोलर घ्यायला वळता, तोवर ती पुन्हा ओली झालेली असते. त्या सूक्ष्म पाण्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, सरकून गोळा होतो. रंग कितीही दाट घ्या, जोर कितीही लावा, उपयोग नाही.

उपाय सोपा आहे, फक्त धीर हवा. प्लेट फ्रिजमध्ये ठेवतानाच प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि बाहेर काढल्यावर गुंडाळी लगेच सोडू नका. दव जमायचं ते प्लॅस्टिकवर जमेल. प्लेट खोलीच्या तापमानाला आली, बाहेरून प्लॅस्टिक कोरडं लागायला लागलं, की मग उघडा. जाड प्लेटला यासाठी तास-दीड तास सहज लागतो. पावसाळ्यात खोली पंचवीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपास असली तर प्लेट तेवढ्यात वितळत नाही, त्यामुळे कामाच्या दिवशी ती फ्रिजमध्ये परत टाकायची गरज नाही. उघडल्यावरही पृष्ठभाग ओलसर वाटला तर वर्तमानपत्राचा कोरा कागद ठेवून हाताने दाबा आणि उचला. पुसू नका, पुसल्याने पाणी फक्त पसरतं.

पंखा आता चालू ठेवायला हरकत नाही. उन्हाळ्यात ज्याने काम बिघडवलं तोच इथे मदतीला येतो.

कागद मात्र उलट करायचा. जुलैतला कागद मुळातच ओलसर असतो, तो आणखी भिजवला तर रंग फुटतो आणि नाजूक शिरा पसरतात. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि लागेल तेवढेच कागद बाहेर काढा. वापरण्याआधी कोमट इस्त्री फिरवली तर फरक लगेच दिसतो.

आणि बुरशी. जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाद्य आहे, दमट हवेत उघडी प्लेट दोन-चार दिवसांत ठिपके धरते. मिश्रण करताना लवंग तेलाचे काही थेंब घातले तर बुरशी लांबते, पण थांबत नाही. कडेला एखादा ठिपका दिसला तर तेवढा भाग खोल कापून टाकता येतो. ठिपके सगळीकडे असतील, वास येत असेल, तर ती प्लेट टाकूनच द्या. वितळवून पुन्हा ओतण्याचा मोह धरू नका, विशेषतः घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर.

ग्लिसरीनची प्लेट

पुन्हा पुन्हा प्लेट बनवायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी ग्लिसरीनची प्लेट हा खरा उपाय आहे. हे मिश्रण जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेक्टोग्राफ नावाचं प्रती काढायचं साधन निघालं, त्यात उथळ ट्रेमध्ये जिलेटिन आणि ग्लिसरीनचाच थर असे. खास शाईने लिहिलेला कागद त्यावर उलटा दाबायचा आणि मग एकामागून एक कोरे कागद ठेवून प्रती उचलायच्या. शाळा आणि कार्यालयं हे साधन कित्येक दशकं वापरत होती.

प्रमाण असं: पाव लिटर पाणी, पाव लिटर ग्लिसरीन, ६० ग्रॅम जिलेटिन. पाणी गार घ्या, त्यावर जिलेटिन भुरभुरा आणि दहा मिनिटं फुगू द्या. मग ग्लिसरीन घालून पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा आणि कण दिसेनासे होईपर्यंत हळूहळू ढवळा. उकळू देऊ नका, उकळलेलं जिलेटिन पकड सोडतं. जोरात ढवळूही नका, कारण प्रत्येक बुडबुडा पुढे छापेवर पांढरा गोल ठिपका होऊन येतो. ओतल्यावर वर फेस दिसला तर वर्तमानपत्राची पट्टी पृष्ठभागावरून सावकाश ओढा, फेस तिला चिकटून येतो. तरीही वरची बाजू खडबडीत झाली तर प्लेट उलटी करून तळाची बाजू वापरा. ट्रेचा तळ गुळगुळीत असेल तर तीच बाजू सरस निघते.

ही प्लेट सहजी वाळत नाही, तिला फ्रिज लागत नाही आणि चिरली तर तुकडे करून, वितळवून, गाळणीतून गाळून पुन्हा ओतता येते. पण पावसाळ्यात तिचा एक दोष उघडा पडतो. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे प्लेट फ्रिजमध्ये न ठेवताही चिकट आणि पाणथळ होते. म्हणजे रंगाचे थेंब दिसले आणि प्लेट फ्रिजमधली नसेल, तर दोष ग्लिसरीनचा. ती हवाबंद डब्यात ठेवा, कामाआधी कागदाने टिपून घ्या. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यापुरती ग्लिसरीन निम्मं करून तेवढं पाणी वाढवलं तर बरं पडेल. देशावर आणि विदर्भात मूळ प्रमाण वर्षभर चालावं.

बाजारात तयार मिळणाऱ्या जेल प्लेटमध्ये बहुधा जिलेटिन नसतं, ती खनिज तेलावर आधारलेली असते. ती खोलीच्या तापमानाला वितळत नाही आणि तिला बुरशीही येत नाही. तिच्यावर रंगाचे थेंब झाले तर पाण्याऐवजी तेलाचा संशय घ्या. सौम्य साबणाच्या पाण्याने हलकेच धुऊन, टिपून वापरा.

कागद आणि रंग

रंग ओला असूनही उठत नसेल तर बहुतेक वेळा कागद खरखरीत असतो. हातकागदावर छापायची हौस सगळ्यांना असते आणि ती योग्यच आहे. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून सुती चिंध्यांपासून असा कागद बनवत आली आहे. पण खरखरीत हातकागदाचे फक्त उंचवटे रंग घेतात, खळगे कोरे राहतात. त्यासाठी दाबून गुळगुळीत केलेला कागद निवडा, तो ओलसर करा आणि तळहाताऐवजी चमच्याच्या पाठीने, लहान लहान गोल फिरवत दाबा. सरावासाठी साधा ८० ग्रॅमचा झेरॉक्सचा कागद उत्तम, तो लवचीक असतो आणि सगळं उचलतो. चांगली प्रत १२० ते १५० ग्रॅमच्या कार्ट्रिज कागदावर, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदावर काढा.

मुलांच्या पोस्टर कलरचं गणित वेगळं आहे. तो वाळला तरी पाणी लागताच पुन्हा विरघळतो, म्हणून ओलसर कागदाने सहज उठतो. पण याच कारणाने त्याची छाप पुढे ओल्या हाताने पुसली जाते. मुलांसोबतच्या खेळासाठी चालेल, भेट द्यायच्या चित्रासाठी अ‍ॅक्रिलिक घ्या. कडक उन्हाळ्यात मी तिसरा मार्ग सुचवीन: लिनोकटसाठी, म्हणजे लिनोलियम कोरून केलेल्या ठशांसाठी, मिळणारी तेलाची शाई. ती प्लेटवर वाळतच नाही, हवा तेवढा वेळ नक्षी मांडत बसता येतं. प्लेट खाण्याच्या तेलाने पुसून, मग साबणाच्या गार पाण्याने साफ करायची. छाप वाळायला मात्र काही दिवस द्यावे लागतात.

प्लेटवर अ‍ॅक्रिलिक वाळून बसलाच, तर तो खरवडू नका. नखाने किंवा चिकटपट्टीने काढायला गेलात तर प्लेटचं साल निघतं. त्यावर फिक्या रंगाचा पातळ ताजा थर लाटा, कागद ठेवा, दाबा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. नवा थर जुन्याला धरून घेतो आणि कागदासोबत दोन्ही एकदम उठून येतात. आधीच्या दोन-तीन छापांचे अवशेष एकाच कागदावर येतात आणि माझ्या मते जिलेटिन छापातली सगळ्यात सुंदर चित्रं अशीच होतात. मुद्दाम रंग वाळू देऊन थरावर थर चढवणारेही पुष्कळ आहेत.

पानांमुळे येणारे डाग

पान रंगावर ठेवताना शिरांची बाजू खाली हवी. पहिला कागद पानासकट दाबला की पानाचा कोरा आकार मिळतो. मग पान चिमट्याने उचलून दुसरा कागद ठेवा, शिरा या दुसऱ्या छापेत येतात. पहिला कागद उचलल्यावर वेळ घालवलात तर शिरांमधला अत्यंत पातळ रंग वाळतो आणि छाप तुटक येते. दुसरा कागद हातात धरूनच पहिला उचला.

पिंपळ, जास्वंद, शेवगा, आपटा, पावसाळ्यातले नेचे, सगळी चांगली छापतात. रसाळ पानं आदल्या दिवशी वर्तमानपत्रात दाबून ठेवा, नाहीतर दाबल्यावर रस सुटतो आणि रंगात पाण्याचे डाग पडतात.

पपईच्या पानाबद्दल मात्र सावध राहा. त्याचा आकार इतका देखणा आहे की ते हमखास निवडलं जातं. पण त्याच्या चिकात पपेन असतं आणि पपेन जिलेटिनला तोडतं. कच्च्या पपईने मांस मऊ होतं ते याचमुळे. ताज्या देठाचा चीक प्लेटला लागला की ती जागा मऊ आणि खडबडीत पडते आणि पुढच्या प्रत्येक छापेत तिथे डाग येतो. अंजिराच्या चिकातही असाच घटक असतो. देठ कापून चीक पूर्ण गळू द्या, पान धुवा, दाबून सुकवा आणि मगच वापरा. रुईची पानं तर घेऊच नका, तिचा चीक डोळ्यांना घातक आहे.

जिलेटिन नको असेल तर

अनेक घरांत जिलेटिन आणता येत नाही. पुडीवर मांसाहारी खूण असतेच. जेली क्रिस्टलची पुडी हा त्याला पर्याय नव्हे. तिच्यात साखरच मुख्य असते आणि हिरव्या खुणेच्या पुडीत जिलेटिन नसतंच. प्लेट बनवायची तर चायना ग्रास घ्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेलं अगर. त्याची जेली साधारण ८५ अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून विदर्भाच्या मे महिन्यातही ती शाबूत राहते. तिचे दोष वेगळे आहेत: ती ठिसूळ असते, वाकवली की तुटते आणि ठेवल्या ठेवल्या पाणी सोडते. म्हणून ती ट्रेमधून बाहेर काढूच नका, काठोकाठ ओतून ट्रेमध्येच छापा. थोडं ग्लिसरीन घातलं तर ठिसूळपणा कमी होतो. सुटलेलं पाणी प्रत्येक छापेआधी कागदाने टिपा, नाहीतर पावसाळ्यात सांगितलेले थेंब इथे बाराही महिने दिसतील. हाताने हलका दाब द्या, चमचा वापरू नका. अगर जिलेटिनसारखं नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही, चांगलं उकळावं लागतं. आणि ते खोलीच्या तापमानालाच झपाट्याने जमतं, म्हणून ट्रे आधी समतल करून ठेवा आणि फेस लगेच काढा.